बिनतारी बुवाची तार

"आला! आवाज आला!"

कुणीतरी ओरडलं आणि दोनशे माणसं एकदम पुढं सरकली. बायकांनी पदर पसरले. तुंगार्लीच्या वाटेवरच्या त्या रिकाम्या बंगल्याचा व्हरांडा धुपाच्या धुरानं कोंदला होता. समोर चौरंगावर, लाल वस्त्रावर, झेंडूच्या माळा घालून बसवलेला देव म्हणजे एक रेडिओ होता. त्याच्या काचेला कुंकू फासलं होतं. काचेच्या वर एक गोल हिरवा डोळा चमकत होता आणि शेजारी व्याघ्रचर्मावर बिनतारी बुवा पसरले होते.

"सातासमुद्रापलीकडून गोऱ्या साहेबाचा आवाज तारेशिवाय येतो," बुवा गर्जले, "मग परलोकातून आपल्या माणसाचा का येऊ नये? लहरी! सगळा लहरींचा खेळ! हा हिरवा डोळा देवीचा आहे. पोटात शंका घेऊन बसाल, तर तो मिटेल आणि तुमचं माणूस मुकं होईल!"

म्हणजे आवाज आला तर बुवांची सिद्धी, नाही आला तर तुमचं पाप. धंदा कसा चोख!

सन चव्वेचाळीसचा माघ चालू होता. रेशनच्या त्या दिवसांत लोकांच्या घरात कण्या होत्या आणि बुवांच्या कोठीत आंबेमोहोराची पोती. गुरुवारी दुपारी चार वाजता मृतात्मे बोलत. वामकुक्षी आटोपल्याशिवाय परलोकाचं दार उघडत नसे.

मी लोणावळ्याजवळच्या वळवणच्या शाळेत मास्तर होतो. हा माणूस लबाड आहे हे मला पहिल्याच गुरुवारी कळलं होतं, आणि मी गप्प बसलो होतो. बंगला बुवांना मिळवून दिला होता महिपती पाटलानं, आणि शाळेच्या छपराला कौलंही त्याच्याच मर्जीनं मिळणार होती. शिवाय माझ्या हातून आणखी एक चूक झाली होती. बुवांचा चेला हौशीराम चहाच्या दुकानात माझ्याशेजारी बसून गावातल्यांची चौकशी करायचा. कोण वारलं, कोण लढाईवर गेलं, हे मी मोठ्या ऐटीत सांगत गेलो. गुरुवारी तेच रेडिओतून ऐकू आलं, तेव्हा बुवांना माल कोण पुरवतोय ते कळलं.

कस्तुराबाईचा बजरंग ब्रह्मदेशाच्या आघाडीवर बेपत्ता झाल्याची तार मीच तिला वाचून दाखवली होती. बेपत्ता, एवढंच तारेत होतं. तो मेला असं कुणी म्हटलं नव्हतं. पण बुवांनी त्याला मारून टाकलं आणि रेडिओतून बोलायला लावलं.

"माय, म्या मेलोय, पर मन माघारी गुतलंय," असं तो आवाज म्हणे, आणि कस्तुराबाई रेडिओपुढं कपाळ टेकून हुंदके देई.

त्या बुधवारी तिची सून रतन शाळेत आली. कडेवर दोन वर्षांची सरू तापानं फणफणत होती.

"मास्तर, त्यो आवाज त्येंचा न्हाई," ती म्हणाली. "त्ये 'म' वर अडकायचे. 'माय' म्हणाया त्येंना चार डाव दम घ्यावा लागायचा. मेल्यावर जीभ सुटती व्हय?"

"सासूला सांगितलंस?"

"सांगितलं. तोंडात मारली. म्हन्ली, देवाघरी समदे बरे व्हत्यात." तिनं सरूला खांद्यावर घेतलं. "हिवताप हाय म्हून डाक्टरानं सरूला कोयनेल दिलं. गेल्या गुरुवारी आवाज म्हन्ला, औषध टाका, अंगारा लावा. आत्याबाईंनी बाटली चुलीत वतली. म्या पुन्ना आणली, तर म्हंत्यात, बापाचा सबूद मोडू नगंस. मास्तर, आवाजानंच सांगितलं तर त्या मानतील. दुसऱ्या कुनाचं न्हाई मानायच्या."

महिनाभरापूर्वी गावातल्या नथूच्या बाळंतीण बायकोलाही त्याच आवाजानं दवाखान्यात नेऊ दिलं नव्हतं. ती गेली. तेव्हाही मी गप्प होतो. या वेळी मात्र मला माझीच लाज वाटली. मी तडक बाजारात फकरुद्दीन मिस्त्रीकडं गेलो.

फकरुद्दीन लोणावळ्यातले रेडिओ दुरुस्त करी. सगळं ऐकून तो हसला.

"योगायोग बघा, मास्तर. महिपती पाटलांचा निरोप आत्ताच आला. देवाच्या रेडिओत खरखर होते, आवाज तुटतो, येऊन बघा म्हणतात. भोळा माणूस, सेवा म्हणून बोलावतोय."

गुरुवारी फकरुद्दीन पेटी घेऊन आला तसा बुवांचा चेहरा उतरला.

"यंत्राला परका हात लागायचा नाही!"

"परका कुठला, बाबा," महिपती हात जोडून म्हणाला. "मिस्त्री आपल्या गावचाच हाय. लोकांना शब्द नीट ऐकू येत न्हाईत. तुमी चालू करा, त्यो बघंल."

दोनशे माणसांसमोर नाही कसं म्हणणार? बुवांनी मंत्र पुटपुटला. रेडिओ खरखरला आणि बोलला, "माय... म्या... बज... रंग..."

फकरुद्दीन खाली वाकून हिरव्या डोळ्याकडं बघत होता.

"पाटील, एक सांगतो. स्टेशन लागलं की या डोळ्यातली काळी फट बारीक होते. लहरी जितक्या जोरात, तितका डोळा मिटतो. इथं आवाज बोलतोय आणि डोळा टक्क उघडा. म्हणजे सेटला लहर मिळतच नाही."

"पाप आहे कुणाच्या तरी पोटात!" बुवा ओरडले.

"असेल. आपण खात्री करू." फकरुद्दीननं छपरावरून आलेली एरियलची तार उपटून सगळ्यांना दाखवली. "लहरी येतात त्या या तारेतून. आता बोलणं बंद पडायला हवं."

"मा... य, अंगारा लाव पोरीला," रेडिओ म्हणाला.

गर्दीत चुळबुळ झाली. फकरुद्दीननं सेट वळवला. मागं ग्रामोफोनची तार लावायची दोन भोकं असतात. त्यांत एक पीळ दिलेली तार खोचलेली होती. ती चौरंगाच्या पायावरून सतरंजीखाली गेली होती. त्यानं सतरंजी उचलत नेली. पाटील मागोमाग, आम्ही त्याच्या मागं. तार मागच्या खोलीच्या दाराखालून आत शिरली होती.

महिपतीनं खांद्यानं दार ढकललं. कडी निखळली.

आत स्टुलावर हौशीराम बसला होता. बंद दारामागून त्याला बाहेर काय चाललंय ते दिसलंच नव्हतं. हातात जुन्या टेलिफोनचं बोलायचं तोंड, पायाशी दोन बॅटऱ्या. टेलिफोनच्या तोंडाची तार सैल झाली होती, परलोकातली खरखर तेवढ्यानंच होत होती. तो इथं बोलायचा आणि तिकडं रेडिओ फक्त आवाज मोठा करायचा.

तेवढ्यात रतन सरूला घेऊन आत घुसली. तिनं हौशीरामच्या हातातलं ते तोंड हिसकावून घेतलं.

मी दारातून वळून पाहिलं. व्हरांड्यात कस्तुराबाई अजून रेडिओपुढं हात जोडून बसली होती. आणि रेडिओ बोलू लागला.

"आत्याबाई, मी रतन. मागल्या खोलीतनं बोलतीया. म्या मेली न्हाई. सरू बी जित्ती हाय. पर कोयनेल दिलं न्हाई तर ऱ्हायची न्हाई."

कस्तुराबाईनं हळूहळू हात खाली घेतले.

बुवा "देवीचा कोप होईल" म्हणत पायऱ्या उतरू लागले, पण लोकांनी वाट अडवली. फौजदार येईपर्यंत त्यांना मारापासून वाचवायचं काम माझ्याकडं आलं. मी ते केलं, पण मनापासून केलं असं खोटं सांगणार नाही.

नथूनं कुणाला हात लावला नाही. तो हौशीरामसमोर जाऊन उभा राहिला.

"माझ्या बायकूला दवाखान्यात नेऊ नगं, म्हून कोन बोललं व्हतं?"

हौशीराम मान खाली घालून म्हणाला, "मीच."

नथू वळला आणि गर्दीतून वाट काढत घराकडं गेला.

कस्तुराबाईनं त्या संध्याकाळी सरूला स्वतःच्या हातानं कोयनेल पाजलं. पाचव्या दिवशी ताप उतरला. पण सुनेशी ती पंधरा दिवस बोलली नाही. खोटा का होईना, लेकाचा आवाज तिनं गमावला होता. एके दिवशी ती शाळेच्या पायरीवर येऊन बसली.

"मास्तर, मंग माझा बजरंग कुटं हाय?"

"मला ठाऊक नाही, कस्तुरामावशी. पलटणीला पुन्हा पत्र लिहू."

ती म्हणाली, "ल्हिवा."

'ठाऊक नाही' हे लेकाबद्दल तिला मिळालेलं बऱ्याच दिवसांतलं पहिलं खरं उत्तर होतं. वाचकहो, दुःखात आपल्याला उत्तर हवं असतं आणि ते लगेच हवं असतं. जो ते लगेच देतो, त्याला पुरावा मागा. तो चिडला तर उठून चालू लागा. आणि आजारी माणसाला आधी डॉक्टरकडं न्या. आम्ही नथूच्या बायकोला नेलं नाही.