अंधारातल्या तासिका

ऊलकानने फाटकाची कडी दुसऱ्यांदा वाजवली, तेव्हा आतलं कुत्रं एकाएकी गप्प झालं. कुणीतरी त्याचं तोंड धरलं असावं. फळ्यांच्या फटीत एक डोळा दिसला.

"पेरिझात, मी आहे गं. शाळेतली ऊलकान एजे."

गावातली पोरं तिला एजे, म्हणजे ताई, म्हणायची. कडी निघाली नाही.

"एकट्याच आलात?"

"मग काय वरात घेऊन येऊ?" ऊलकान हसली.

फटीतला डोळा नाहीसा झाला.

शेवटी पेरिझातच्या आजोबांनी फाटक उघडलं. आधी त्यांनी तिच्या खांद्यावरून रस्ता दोन्हीकडे पाहिला, मगच तिला आत घेतलं. पोरीचे आईबाप मॉस्कोत कामाला. घरात हे दोघंच. आजोबांनी चहा ओतला, पण भाकरी पुढे केली नाही. वैऱ्यालासुद्धा भाकरीचा तुकडा मोडल्याशिवाय जाऊ न देणारं हे गाव. म्हातारा विसरला असेल, असं ऊलकानने मनाला समजावलं.

"शाळेच्या संगणकावर तुझं नाव लाल झालंय," ती पेरिझातला म्हणाली. "असंच चाललं तर परीक्षेला बसू देणार नाहीत. काय होतंय तुला?"

"पोट दुखतं."

"डॉक्टरकडे जाऊ या. मी येते बरोबर."

"नको!" पोरगी शेगडीला इतकी चिकटली होती की तिच्या स्वेटरची लोकर करपायला आली असती. "उद्या येईन मी शाळेत. तुम्ही जा, एजे."

शाळेत समुपदेशिका म्हणून ऊलकानची बरीच वर्षं झाली होती. पूर्वी एखादं पोर मेंढरांमागे गेलं किंवा कुणा मुलीची शाळा सुटली, की ते वर्ष संपताना कळायचं. या हिवाळ्यात जिल्ह्याने संगणकावर नवी सोय दिली होती. रोजची हजेरी आणि गुण भरले की घसरणाऱ्या मुलांची नावं आधी पिवळी, मग लाल होत. लाल नाव दिसलं की ऊलकान त्या घरी जायची. त्यातून एका मुलाला चष्मा मिळाला होता, दोघा भावंडांना बूट मिळाले होते. पडद्याकडे पाहताना तिला बरं वाटायचं. आपल्या हातून कुणी निसटत नाही, असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी पेरिझात आली नाही.

हजेरीचं काम बघणाऱ्या जिबेकने, संगणकाच्या तरुण शिक्षिकेने, तिचे सगळे दिवस उघडून दाखवले. "एजे, पोटाचं दुखणं असं घड्याळ लावून येतं का? आधी तिने संध्याकाळचा भौतिकशास्त्राचा जादा वर्ग सोडला. आवडीचा विषय, तरी. मग सकाळची पहिली तासिका बुडायला लागली. दुसऱ्या तासिकेला मात्र हजर. त्यानंतर पूर्ण दिवस गैरहजर. दोन्ही टोकं बघा."

"म्हणजे?"

"पहिल्या तासिकेला यायचं तर घरातून अंधारात निघावं लागतं. जादा वर्ग सुटतो तोही अंधारात." जिबेकचा आवाज खाली आला. "शाळेला नाही घाबरत ती. रस्त्याला घाबरतेय."

ऊलकानने पडद्यावरच्या तारखा पुन्हा पाहिल्या.  या गावात पोरी रस्त्यावरून उचलून नेऊन नवरी करतात; इथे वाढलेल्या बाईला पुढचं सांगावं लागत नाही.

पुढच्या पहाटे ती उजाडण्याआधी घराबाहेर पडली. बर्फ गोठून काचेसारखं झालं होतं. पेरिझातच्या गल्लीच्या तोंडाशी पॉप्लरची रांग आहे. तिथे एक मोटार उभी होती. दिवे बंद, इंजिन चालू. ऊलकानला वाटलं, परत फिरावं, कुणालातरी उठवून आणावं. पाय मात्र पुढेच पडत गेले. तिने फोनचा उजेड काचेवर धरला.

काच खाली झाली.

"आई? तू इथे कशाला कडमडलीस?"

तालांत होता. तिचा मुलगा. थंडी पडताना रशियातून ही मोटार घेऊन परतलेला. शेजारी त्याचा मित्र होता. तो खिदळला, "एजे, सूनमुख बघायची एवढी घाई?"

मागच्या सीटवर घडी घातलेला पांढरा रुमाल होता. नव्या नवरीच्या डोक्यावर टाकतात तो. ऊलकानने तो ओळखला. तिच्या सासूच्या पेटीतला होता. म्हणजे घरात ठाऊक होतं. आणि त्या फाटकाआड, शेगडीपाशी, त्या दोघांनाही ठाऊक होतं की आपण कुणाची आई आहोत.

"शाळेतली पोर आहे ती, तालांत. सोळा वर्षांची."

"आज लगेच काय नेतोय का? ती बाहेरच पडत नाही." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर उर्मटपणा नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं. "तुला बाबांनी असंच आणलं ना? आजी सांगते, तू रात्रभर रडलीस आणि सकाळी चहा केलास. मग झालंच की सगळं नीट."

ऊलकानचा हात दाराच्या मुठीवर होता. तो तिथेच थिजला. कितीतरी वर्षांनी तिला पळवून आणलं त्या मोटारीतला पेट्रोलचा वास तिच्या नाकात शिरला, आणि कुणाच्यातरी गुडघ्याखाली दाबलेला स्वतःचा हात आठवला. नवरा जाऊनही आता वर्षं लोटली होती. त्या मोटारीतलं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाला तर नाहीच. तिच्या गप्प राहण्यातून त्याने काय शिकायचं ते शिकून घेतलं होतं.

"उतर खाली," ती म्हणाली. 

समोरच्या घरात दिवा लागला. तालांतने गाडी वळवली.

"आज नाही तर उद्या, एजे!" मित्र ओरडला.

मुख्याध्यापक तुराटबेक यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. "तुमच्याच घरातली गोष्ट आहे. घरात मिटवा."

"घरात मिटवलं की काय होतं ते मला ठाऊक आहे," ऊलकान म्हणाली.

ठाण्यातला निरीक्षक तिचा जुना विद्यार्थी निघाला. त्याने तिला खुर्ची दिली, चहा मागवला, दार लावून घेतलं.

"एजे, लेखी दिलंत तर मागे घेता येणार नाही. पुन्हा असं काही झालं तर तुरुंग आहे. पोटचा पोरगा आहे तुमचा."

"कागद दे."

तिने सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

दुपारी तालांतला आणि त्याच्या मित्राला बोलावून घेतलं. दोघांकडून लिहून घेतलं, दम भरला, सोडलं. त्या दिवसापासून सासूने ऊलकानच्या हातचा चहा बंद केला. तालांत मित्राकडेच झोपायला लागला. घरात पाऊल वाजलं की ऊलकान दचकायची. कुणाची भीती वाटते, हे ती स्वतःला विचारत नसे.

पेरिझात सोमवारी शाळेत आली. जिबेक तिला घ्यायला गेली होती आणि मागून आजोबा घोड्यावर. ऊलकान मुद्दामच गेली नव्हती. व्हरांड्यात समोरासमोर आल्या, तेव्हा पोरगी भिंतीकडे सरकली, पण तिने मान लववली. बर्फ वितळेपर्यंत ती पहिल्या तासिकेलाही वेळेवर येऊ लागली. तिचं नाव लालाचं पिवळं झालं, मग साधं काळं. तुराटबेक यांनी शिक्षकांच्या बैठकीत त्या संगणकाचं कौतुक केलं.

त्याच संध्याकाळी ऊलकान चिखलातून घरी निघाली होती. अंधारून आलं होतं. मागून मोटार आली, जवळ येताच तिचा वेग कमी झाला.

"बस आई, सोडतो घरी."

"चालत जाते मी."

मोटार तिच्या चालीने शेजारून सरकत राहिली.  टायरखाली चिखल पचपचत होता. मग तालांतने विचारलं, आणि त्याचा आवाज लहानपणी ताप चढल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"तू मला घाबरतेस का?"

नाही म्हणायला ऊलकानने तोंड उघडलं. तेवढ्यात तिच्या बुटात गार पाणी शिरलं. तिने खाली पाहिलं. ती रस्त्यावर नव्हतीच. मोटारीपासून दूर सरकत सरकत केव्हाच कडेच्या पाटात उतरली होती.

तालांतनेही ते पाहिलं. त्याने इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले आणि ती पाटातून वर येईपर्यंत तो जागचा हलला नाही.