दोन डाव्या बाह्या

शिंप्याच्या दुकानात कापणाऱ्याने कमी बोलावं, असं म्हणतात. शिवलेलं उसवता येतं, कापलेलं नाही. पण या दुकानातला कापणारा इतका कमी बोलायचा की गिऱ्हाइकं त्याला मुका समजत. खडू कानावर ठेवायची त्याला सवय होती. दिवसभर उजवा कान पांढरा. म्हणून सगळे त्याला खडूच म्हणत.

खडूचं वय तिशीला टेकलं होतं. कुणी मुलगी समोर आली की तळहाताला घाम सुटायचा आणि जीभ टाळूला चिकटायची. तरीही त्याने एक वाक्य तयार केलं होतं, दुकानातल्या काजवालीसाठी. तिच्या हातची काजं बटण तुटलं तरी उसवत नसत. शनिवारी तिचा शेवटचा दिवस होता, पुढे ती दुसऱ्या दुकानात जाणार होती. म्हणजे बोलायचं तर शनिवारी संध्याकाळी, नाहीतर कधीच नाही. कितीतरी दिवस तो घरी आरशासमोर उभा राहून ते वाक्य घोटत होता.

घर म्हणजे दोन खोल्या, मध्ये प्लायवूडची भिंत. पलीकडे त्याची थोरली बहीण टेबलाशी बसून चित्रं काढायची. जपानी लोक मांगा म्हणतात तसली, बशीएवढ्या डोळ्यांच्या माणसांची चित्रांतली प्रेमकथा एका साप्ताहिकात चालू होती, ती तिचीच. त्यातला नायक म्हणजे प्रेमाला आसुसलेला, स्वतःवर काडीचा भरवसा नसलेला एक एकटा पोरगा. वाचक त्याला लाजरा म्हणत. खडूने ती कधी वाचली नाही. ताईचं काम ताईपाशी.

शनिवारी दुपारी डबे उघडले आणि काजवालीने नवा अंक काढला.

"ऐका हो ऐका! आज लाजऱ्याने तोंड उघडलं!" तिने घसा खाकरला. "'तुम्ही केलेलं काज कधी उसवत नाही. माझ्या आयुष्यालाही तुमचे चार टाके पडले, तर बरं होईल.'"

खडूच्या हातातला घास हातातच राहिला.

"टाके घालायचे तर दवाखान्यात जा म्हणावं!" दुकानाचे मालक, मास्तर म्हणाले.

"आणि बटण कुठं लावायचं?" इस्त्रीवाले काका ठसका लागेपर्यंत हसले.

काजवालीच्या तर हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं. "असं कोण बोलतं हो? बिचारा!"

खडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा तसाच झाकून तो टेबलाशी गेला आणि समोर पडलेल्या कोटाच्या कापडात कातर घातली. रागाला कापड नीट दिसत नाही. बाही कापताना कापड दुमडून घ्यायचं, म्हणजे जोडी निघते. उलगडून कापायचं तर नमुना उलटा ठेवून दुसरी कापायची. हे तो झोपेतही चुकला नसता. आज जागेपणी चुकला.

मास्तरांनी दोन्ही बाह्या उचलून पाहिल्या. "गिऱ्हाइकाला दोन्ही हात डावेच आहेत का रे?"

कुणी हसलं नाही. खडूच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मास्तर शिव्या घालत उरलेलं कापड शोधायला आत गेले, काका त्यांच्या मागे.

काजवाली जवळ आली. "खडू, अरे काय झालं तुला?" बोलता बोलता तिची नजर त्याच्या कानावर गेली, मग हातातल्या अंकावर. लाजऱ्याच्या कानावर पेन्सिल होती आणि कान काळा झाला होता.

"तो मी आहे!" खडू ओरडला. इतका मोठा आवाज आपल्या घशात आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. "ते वाक्य माझं आहे! आज संध्याकाळी तुला सांगणार होतो. ताईने भिंतीआडून ऐकलं आणि छापून टाकलं. आणि तू हसलीस!"

आजवर तो तिला तुम्ही म्हणायचा.

काजवालीने खाली बघितलं. पान उलटलं, पुन्हा उलटलं. "मग ही दात पुढे आलेली... ही मी?"

"मी ताईला एवढंच म्हणालो होतो, की हसताना तुझे दात दिसतात ते छान वाटतं."

"हे छान? घोडीसुद्धा लाजेल!" तिने अंकाची सुरळी केली. "चल."

"कुठे?"

"तुझ्या ताईकडे."

ताई टेबलाशीच होती. दोघांना दारात बघून तिला सगळं कळलं, पण ती बधली नाही. "नाव कुठे घातलंय तुझं? लोक लाजऱ्यावर जीव टाकतात, कळतं का? तुझ्यावर कुणी टाकला असता?"

खडूला वाटलं, आता जीभ टाळूला चिकटणार. नाही चिकटली.

"नसता टाकला. वाक्यही बावळटच होतं. पण ते मला बोलायचं होतं, ताई. ही मला हसली असती, नाहीतर हो म्हणाली असती. तू ते माझ्या तोंडातून काढून घेतलंस आणि वर उपकार सांगतेस?"

"आणि माझे दात?" काजवालीने सुरळी टेबलावर आपटली.

ताई दोघांकडे बघत राहिली. तिचे डोळे बारीक झाले, हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. "थांबा. असेच उभे राहा जरा."

खडूने पुढे होऊन तिच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली. सवयीने ती कानावर ठेवली आणि जिना उतरून गेला.

काजवाली त्याला रस्त्यावर गाठून म्हणाली, "आता बोल."

"काय?"

"ते टाक्यांचं सोडून काहीही."

तो चालता चालता म्हणाला, "मला अजून राग आहे. तुझाही."

"असू दे. उरलेल्या कापडात उजवी बाही तुकड्याला जोड देऊन बसेल. तू काप, जोड मी घालते. तेवढं करूनच जाईन मी."

"पुन्हा हसू नकोस मला."

"तसलं वचन नाही देत," ती म्हणाली. "पण हसले, तर तोंडावर हसेन."

ती हसलीच. सगळे दात दिसले. खडूचा राग काही गेला नव्हता, पण तो दुकानाकडे वळला आणि ती बरोबर चालत होती.