लुसियाच्या मुकुटातल्या बॅटऱ्या

डिसेंबरातल्या लुसिया या दिव्यांच्या सणाच्या सकाळी बाहेर मिट्ट काळोख होता आणि चर्चच्या आत, वेदीपुढच्या पायऱ्यांवर मालेनाची लेक तीरा उभी होती. अंगात पांढरा झगा, कमरेला लाल पट्टा, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट, मागे गाणाऱ्या मुली. मुकुट घालून पुढे उभी राहणारी यंदाची लुसिया कोण, यासाठी शाळेत चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा तीराचं नाव निघालं होतं. मालेनाच्या लहानपणी तिचं कधीच निघालं नव्हतं. म्हणून की काय, लेकीपेक्षा आईचेच पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"आई, पोटात काही नाहीये. डोकं हलकं हलकं वाटतंय," घरून निघताना तीरा म्हणाली होती.

"केशराचा पाव नंतर खा, झग्यावर डाग पडेल. आणि हे बघ, तिथे चुळबूळ नको. तू हललीस की मुकुट डुगडुगतो."

हे सांगणारी बाई त्याच शाळेत जीवशास्त्र शिकवत होती! दरवर्षी पोरांना वर्गात उभं करून ती बजावायची, "हृदय रक्त ढकलतं, पण पायांतलं रक्त वर चढवायला पोटऱ्यांचा हातभार लागतो. गुडघे ताठ करून हलायचंच नाही म्हटलं, की रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो आणि मेंदू उपाशी राहतो. मग माणूस कोसळतो, आणि कोसळतो तेच बरं. आडवं झालं की रक्त डोक्याकडे परत येतं. म्हणून चक्कर आलेल्याला उभं धरायचं नाही. आडवं करायचं, पाय वर!"

चौथ्या गाण्याला तीराचे ओठ पांढरेफटक पडले. खांबाआड उभ्या असलेल्या मालेनाला ते दिसलं. पण पुढच्याच बाकावर सासूबाई बसलेल्या, त्यांच्या मागे निम्मं गाव, सगळ्यांचे फोन वर. इथे पोर पडली तर? मालेना मागून सरकली, तिने तीराच्या काखेत हात घातले आणि तिला ताठ उभं धरलं.

"एकच कडवं राहिलंय, राणी," ती कुजबुजली. "उभी राहा."

तीराची मान लटकली. डोळे उघडे होते, पण तिला काही दिसत नव्हतं. हाताला झटके येऊ लागले. मालेनाला वर्गात सांगितलेला शब्दन् शब्द आठवत होता, आणि तरीही ती ओळ संपेपर्यंत तिने लेकीला सोडलं नाही.

"खाली ठेव तिला!" गाणं बसवणारा हाकान ओरडला.

मग कुठे तिने तीराला आडवं केलं आणि तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले. मुकुट घरंगळत पायरीखाली गेला. थोड्याच वेळात तीराच्या गालांवर रंग आला.

सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी मालेनाच्या पाठीवर हात ठेवला. "बरं झालं गं धरलंस! केसांत पेटत्या मेणबत्त्या, पडली असती तर पोर भाजली असती. शेवटी आईच ती."

"हो ना," मालेना म्हणाली. "तेच मनात आलं."

तीरा जागी होती. तिने आईकडे पाहिलं, मग मुकुटाकडे. उताण्या पडलेल्या मुकुटातले दिवे जसेच्या तसे उजळत होते. त्यांत बॅटऱ्या काल मालेनानेच भरल्या होत्या, आणि तीरा तेव्हा शेजारीच बसली होती.

मालेनाला वाटलं, आता धरणीने पोटात घेतलं तर बरं.

"सॉरी आई," तीरा हळूच म्हणाली. "मी खूप प्रयत्न केला उभं राहायचा. लोकांना दिसलं का?"

"बॅटरीच्या आहेत त्या मेणबत्त्या," मालेना सासूबाईंना म्हणाली. आवाज नीट फुटला नाही, म्हणून तिने पुन्हा, पहिल्या बाकांना ऐकू जाईल असं सांगितलं. "बॅटरीच्या आहेत. मला लोकांची लाज वाटली, म्हणून धरलं मी तिला."

सासूबाईंनी तिच्या पाठीवरचा हात काढून घेतला. मागचे फोन एकेक करून खाली आले.

"उठू का आता?" तीराने विचारलं.

"नको," मालेना तिच्या गार पोटऱ्या चोळत म्हणाली. "पडून राहा. बघू देत सगळ्यांना."