सुमनबाईंच्या हातचा क्रँकशाफ्ट

मित्रांनो, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत एका कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपरीत, धानाच्या रिकाम्या पोत्यांखाली एक गंजलेलं लोखंडी धूड पडलेलं आहे. ते धूड म्हणजे मी. मी लेथ आहे. लोखंडाला गरगर फिरवायचं आणि धारदार टूलने कातून हवा तसा आकार द्यायचा, हे माझं काम.

दूर पंजाबातल्या एका कारखान्यात मी ओतला गेलो. बहात्तर साली केशवरावांनी मला जुना म्हणून विकत घेतलं आणि घराशेजारच्या या छपरीत बसवलं. कोणाच्या मोटारपंपाचं बुश, कोणाच्या सायकलचा एक्सल, असलं काम गावोगावहून येई. केशवराव कामात पक्के होते आणि स्वभावाने शांत. त्यांच्या पत्नी सुमनबाई आधी नुसत्या तेल घालायच्या. मग टूलला धार लावू लागल्या, मग बुश कातू लागल्या. पण बाहेर कोणाची चाहूल लागली की त्या हात पुसून घरात जायच्या. त्यामुळे त्यांना काम येतं, हे तिघांनाच ठाऊक होतं. त्या दोघांना आणि मला.

एकोणऐंशी साली पावसाने दगा दिला. धान नेमका निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला, आला होता. अशा वेळी शेजारच्या गावच्या टेकचंदच्या पाण्याच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट मधूनच तुटला. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला वाकडा दांडा. पिस्टन खालीवर होतो, त्या खालीवर होण्याचं फिरणं हा दांडा करतो. केशवरावांनी जुन्या ट्रकच्या एक्सलमधून नवा दांडा कातायला घेतला. मधली वाकडी पिन कातून झाली. आणि त्याच दुपारी ते माझ्यासमोरच खाली कोसळले. अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर टेकचंद भेटायला आला. खाटेवरच्या केशवरावांकडे त्याला बघवेना.

"वहिनी, नागपूरले जाऊन आलो," तो हळूच म्हणाला. "हे इंजिन आता बनतच नाही म्हणते दुकानदार. बोडीत पाणी हाय, अन् माह्या बांध्या सुकून राहिल्या." बोडी म्हणजे लहान तळं, आणि बांध्या म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे.

"होईल क्रँक तयार. दम धरा, भाऊ."

"करंल कोण?"

सुमनबाईंनी खाटेकडे पाहिलं. "हे हायेत ना," त्या म्हणाल्या. "डावा हात हाय त्यायचा."

टेकचंदने विश्वास ठेवला. विश्वास ठेवायला दुसरं होतंच कोण?

केशवरावांची खाट छपरीत आणली गेली. सुमनबाईंनी अर्धवट दांडा माझ्या दोन टोकांमध्ये धरला आणि आवळू लागल्या. केशवरावांनी डाव्या हातातली काठी जमिनीवर आपटली.

"काहून आपटता? आणखी आवळू का?"

काठी पुन्हा आपटली. सुमनबाईंनी आणखी आवळलं. मी फिरू लागलो आणि मला कळलं, दांडा लचकतोय. पिनेच्या दोन बाजूंचे गाल, म्हणजे तिला धरून ठेवणारे सपाट भाग, दाबामुळे आत झुकले होते. मशीन थांबवेपर्यंत दांडा वाया गेला होता.

सुमनबाईंनी पाना फेकला. "मले समजत नाही तुमचं! तिकडं धान मरून राहिला, इकडं तुमी नुसती काठी आपटता. मी काय करू?"

केशवरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मग ते खाटेवरून खाली घसरले. जमिनीवर लोखंडाचा बारीक कीस पसरला होता. त्यात डाव्या बोटाने त्यांनी दोन उभ्या रेघा ओढल्या आणि मधल्या फटीत एक चौकोन काढला.

सुमनबाईंनी खाली वाकून पाहिलं. "मधात तुकडा बसवाचा? गाल दबू नये म्हून?"

केशवरावांनी मान डोलावली आणि डोळे मिटून घेतले.

मग एक्सलचा दुसरा तुकडा आला. पिनेसाठी दांडा मुद्दाम एका बाजूला सरकवून धरावा लागतो. असा दांडा फिरताना माझं सगळं अंग हादरतं. सुमनबाई जरा जरा कातायच्या, थांबायच्या, मोजायच्या, पुन्हा कातायच्या. केशवराव नुसत्या आवाजावरून ओळखायचे. टूल बोथट झालं की काठी आपटायचे. पिन झाली तेव्हा सुमनबाईंनी फटीत लोखंडाचा तुकडा घट्ट बसवला आणि मगच दांडा आवळला. या वेळी दांडा लचकला नाही.

इंजिन सुरू झालं. बोडीजवळच्या बांध्या वाचल्या. वरच्या बांध्यांमधला धान मात्र आधीच करपला होता. तो टेकचंदने गुरांना कापून घातला.

धान निघाल्यावर टेकचंद नव्या तांदळाची टोपली घेऊन आला. सोबत त्याच्या गावची माणसं होती. त्यांनी केशवरावांच्या गळ्यात हार घातला.

"एका हातानं क्रँक बनवली केशवभाऊनं!" टेकचंद सगळ्यांना सांगत होता.

केशवराव जोरजोराने नकारार्थी मान हलवू लागले. "सु... सुम..." त्यांची जीभ वळेना. "सुमन... न..."

"वहिनीले हाक मारून राहिले," शेजारचे तुलाराम म्हणाले. "पाणी मांगत असन. पाणी आणा."

सुमनबाई पाणी घेऊन आल्या. केशवरावांनी ते घेतलं नाही. त्यांनी डाव्या हाताने सुमनबाईंचं मनगट धरलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर उचललं. पाणी हारावर सांडलं.

"हात थरथरते बिचाऱ्याचा," कोणीतरी हळहळलं.

सुमनबाईंनी आपला हात अलगद खाली घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात केशवराव गेले. धनीराम नावाचा एक जण पंपाचा तुटका भाग घेऊन आला आणि केशवराव नाहीत हे कळताच दारातूनच परत फिरला. सुमनबाईंनी त्याला थांबवलं. "ठेवून जा. मी देईन करून."

"तुमी?" तो हसला. "मस्करी नका करू, वहिनी." आणि तो भंडाऱ्याला निघून गेला.

त्या दिवशीही सुमनबाईंनी मला तेल घातलं, पण मोटर लावली नाही. म्हातारपणी त्यांची बोटं आखडेपर्यंत मला तेल मिळत राहिलं. मग कवेलू फुटले, पाणी झिरपलं आणि मी गंजलो.

मित्रांनो, कोणी माझा गंज काढला तर मी अजून फिरेन. पण माझं मागणं आणखी आहे. तुमच्या घरातली एखादी वस्तू सुरळीत चालत असेल, तर ती कोणाच्या हातची आहे हे एकदा विचारा. आणि सांगणाऱ्याची जीभ अडखळत असेल, तर पाण्यासाठी धावू नका. थोडं थांबा. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.