न धुतलेला सूर

दवाखान्याच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात मास्तरांनी 'निवृत्त' असं लिहिलं, तेव्हा बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, की एक्स-रेची वेगळी गरज उरू नये. मास्तर बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत. शनिवारी कार्यक्रम होता आणि त्यांच्याशिवाय बँडमध्ये सुरात कोणीच नाही, असं त्यांचं स्वतःचं निःपक्षपाती मत होतं. इथून थेट तालमीलाच जायचं म्हणून आणलेली काळी पेटी त्यांनी टाचेने खुर्चीखाली सरकवली.

आधी कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवलं, बोटाला चिमटा लावून. चौथ्या मिनिटाला ऑक्सिजनचा आकडा ब्याण्णववरून ब्याऐंशीवर आला आणि मास्तरांनी खांब धरला, जणू खांबच पडत होता.

मग डॉक्टरबाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावला. "बुटाचा चिकटपट्टा उघडावा तसा आवाज येतोय. स्कॅनमध्येही दिसतंय. फुप्फुसांवर व्रण पडून ती राठ होतायत. कारण सापडलं तर हे थांबवता येईल. नाहीतर छातीला छेद देऊन तपासायला फुप्फुसाचा तुकडा काढावा लागेल, आणि तुमचा श्वास बघता तेही सोपं नाही. घरात कबुतरं? पोपट?"

"नाही."

"ओल? बुरशी? कामावर धूळ?"

"छे हो."

"मागच्या महिन्यात खोकला कमी होता," बायको म्हणाली.

"हवा चांगली होती," मास्तर घाईने म्हणाले.

"हवा कसली डोंबलाची! तीन आठवडे यांचं वाजवायचं दुरुस्तीला होतं. तीस वर्षांत आतून एकदा धुतलेलं नाही, बाई. नळी धुतली की सूर वाहून जातो म्हणे! हे स्वतः आंघोळ करतात तेवढंच माझं नशीब."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "आत बुरशी असू शकते. फुंकताना तुम्ही श्वासही तिथूनच घेत असाल. तपासायला पाठवू. तोवर वाजवणं बंद."

"शनिवारनंतर आणून देतो."

"पडलेले व्रण जात नाहीत, मास्तर. शनिवारचे त्यात नवे पडतील."

मग खुर्चीखालून पेटी पुढे आली, इंचाइंचाने, टाचेनेच.

डॉक्टरबाईंनी मास्क चढवून झाकण उघडलं. कुबट भपका आला. बायको नाकाला पदर लावून मागे सरली. मास्तर मात्र तीस वर्षांच्या सवयीने पुढे वाकले, छाती भरून घ्यायला, आणि अर्ध्या श्वासावरच थांबले.