हळदीकुंकवात पास झालेला गोळ्यांचा डबा

मित्रांनो, जुना म्हणवून घ्यायला खरं तर माझं वय झालेलं नाही. पण कामोठ्याच्या एका घरात आता मला फ्रिजवर कायमचं ठेवून दिलंय, तेव्हा जुनाच म्हणा. मी गोळ्यांचा डबा आहे. पोटात रोजचे वेगळे कप्पे, आणि गोळीची वेळ झाली की गोड आवाजात वाजायचं, एवढंच माझं काम.

नवी मुंबईत पावणे इथल्या एका छोट्या कारखान्यात मी जन्मलो. माझा आराखडा क्षिप्राने काढला. पोरगी हुशार, मनाची चांगली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची गोळी चुकू नये, हा तिचा ध्यास. झाकणं तिने अशी घट्ट बसवली, की एकही गोळी सांडायची नाही. मी दिसायलाही असा गुळगुळीत, की माझीच मला दृष्ट लागावी!

विकायला काढण्याआधी मला वापरणाऱ्यांच्या हातात देऊन बघायचं होतं. पण वेळ थोडा होता, आणि सानपाड्याच्या सोसायटीत तिच्या सासूबाईंचं, मीनाताईंचं, संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलं होतं. आयत्या बायका येणारच आहेत, मग आणखी माणसं कशाला शोधायची? झालं, तिळगुळाच्या ताटाशेजारी मला मांडलं. जी येईल ती मला उचलायची, नखाने टचकन झाकण उघडायची आणि म्हणायची, "छान आहे हो तुमच्या सुनेचा डबा." हातात वाण पडल्यावर यजमानिणीच्या वस्तूला नावं कोण ठेवणार? मी मात्र फुशारून गेलो.

त्या हॉलमध्ये एक बाई नव्हती. ती असणारच नव्हती. जिचा नवरा गेला, तिला आपल्याकडे हळदीकुंकवाला बोलावतच नाहीत. एकटी राहणारी, स्वतःच्या हाताने गोळी घेणारी म्हातारी, जिच्यासाठी मला घडवलं, नेमकी तीच राहून गेली. हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

अशाच पुतळाआजींच्या घरी मी आलो. त्यांचा मुलगा दिपेश पनवेलला राहायचा. त्याने ब्लडप्रेशरच्या आठवड्याच्या गोळ्या माझ्यात भरल्या आणि म्हणाला, "आये, हा वाजला की गोळी घ्यायची. टेन्शन नाय." तो गेला.

संध्याकाळी मी वाजलो. आजी समोरच तांदूळ निवडत होत्या, पण माझा तो बारीक गोड आवाज त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नाही. रात्री आठवण झाली तशी त्यांनी मला हातात घेतलं. मिठागरात राबून वाकडी झालेली बोटं, झिजलेली नखं. झाकण हलेना. दातांनीसुद्धा ओढून बघितलं बिचारीने. मी आतून काय करणार? वस्तूला कुठे हात असतात? शेवटी पदराने पुसून त्यांनी मला देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. पोराने हौसेने आणलंय, त्याला वाईट वाटेल, म्हणून बोलल्या नाहीत. त्याने फोनवर विचारलं की म्हणायच्या, "घेतली रे." आणि मी रोज आपला वाजतोय, वाजतोय.

रविवारी दिपेश गोळ्या भरायला येणार होता. शनिवारीच आजी मोरीच्या दारात कोसळल्या. उजवी बाजू गेली. धावत आलेल्या दिपेशने मला उघडलं, तर मी भरलेलाच. रडत रडत तो आईवरच चिडला, "डबा दिलेला ना तुला?" यात त्यांची काही चूक नाही, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण मला आवाज एकच दिलाय, आणि त्यातून कुणाला काही सांगता येत नाही.

दिपेशने कंपनीत तक्रार केली, तशी क्षिप्रा स्वतः कामोठ्याला आली. खाटेशेजारी बसून हळूच म्हणाली, "आजी, कुठे अडलं? मला उघडून दाखवाल?" आणि तिने मला त्यांच्या उजव्या हातात ठेवलं. हात हलला नाही. मी घसरून गोधडीवर पडलो.

आजी तिच्याकडे बघत जड जिभेने म्हणाल्या, "आदी इचारलं असतंस त दाखवलं असतं, बाय."

क्षिप्रा रडली. खूप रडली. मी तिथेच पडून होतो.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणासाठी काहीतरी बनवाल. ज्याच्यासाठी बनवताय, त्याच्या दारी आधी जा. त्याचा हात चालतोय तोवर जा.