जोडीनं द्यायची तोंडी परीक्षा

दारातल्या बाईंनी नावं पुकारली आणि लुदमिला जागीच थबकली.

“आजी, माझ्याबरोबर औषधवाल्याचा फाकुंदो कसा? माझी जोडी नोएलियाशी होती ना?”

“बदलली असेल,” एर्सिलिया म्हणाली. “जा, बोल मोकळं. घरात तर तोंड बंद होत नाही तुझं.”

वाचन, लेखन, ऐकणं सकाळीच उरकलं होतं. इंग्रजीच्या या परीक्षेत बोलायचं मात्र जोडीनं असतं. आधी आपापली ओळख, मग फोटो बघून बोलणं, मग दोघांनी एकमेकांशी बोलून काहीतरी ठरवायचं. उमेदवारांची संख्या विषम निघाली, तर शेवटची तिघं एकत्र. जेमतेम चौथी शिकलेल्या एर्सिलियाला हे सगळं पाठ होतं, कारण वर्षभर दोघी पोरींचा सराव तिच्याच स्वयंपाकघरात चालला होता. शेजारच्या शिवणवालीची नोएलिया भारी बुजरी. पण लुदमिला समोर असली की माते नावाचा कडू चहा पीत भडाभडा इंग्रजी बोलायची. पास झाली तर धबधब्याजवळच्या हॉटेलात नोएलियाची नोकरी पक्की होती.

आणि तरी गेल्या महिन्यात एर्सिलिया केक घेऊन इंग्रजी शिकवणाऱ्या मिस ग्रासिएलाकडे गेली होती.

“माझ्या नातीला बोलका जोडीदार द्या. त्या मुकीपायी हीसुद्धा बुडायची.”

“गुण ज्याचे त्याला मिळतात, एर्सिलियाबाई.”

“मिळू देत. मुक्या माणसाशी धड भांडतासुद्धा येत नाही, बोलणार काय कपाळ?”

लुदमिला हसत बाहेर आली. नोएलिया सगळ्यांत शेवटी आली, शहरातल्या दोन उंच पोरांच्या मागून. पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत निघून गेली.

“काय झालं गं?” लुदमिलाने विचारलं.

“त्यांनी दोघांतच ठरवून टाकलं. शेवटी परीक्षक बाईंनी मला विचारलं, तुला काय वाटतं म्हणून. वाटत होतं गं पुष्कळ.”

“कुणी केला हा उद्योग? थांब, मिसला जाबच विचारते.”

याच जिभेने एर्सिलियाने खाटकाला, पाद्र्याला आणि दोन जावयांना गप्प केलं होतं. आता ती टाळ्याला चिकटली.

“नको विचारूस,” नोएलिया म्हणाली. “मिसने मला आधी विचारलं होतं. मीच हो म्हटलं.” बोलताना तिने एर्सिलियाकडे पाहिलं नाही. अगदी जपून नजर टाळली.

“तू? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?” लुदमिलाचा चेहरा उतरला. “मी नकोशी झाले होते, तर तसं सांगायचंस.”

ती तरातरा पुढे गेली. बसमध्ये शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून, तोंड फिरवून बसली.

एर्सिलिया नोएलियाशेजारी टेकली.

“पोरी, ऐक...”

“नीट बसा, आजी,” नोएलिया हळूच म्हणाली आणि खिडकीकडे आणखी सरकली. जागा तर भरपूर होती.